हवेची वाटणी: टर्बो इंजिनाला कोणता इनटेक मॅनिफोल्ड?

बाकावर चार पिस्टन ओळीने मांडले होते. पहिले तीन काळपट, तेलकट, पण धड. चौथ्याच्या दोन रिंगांमधला पट्टा एका बाजूने तुटून गेला होता आणि माथ्याच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. गाडी ऑक्टाव्हिया आरएस. १७८१ सीसीचे, वीस व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल इंजिन. २००४ मध्ये ती भारतात आली तेव्हा टर्बो म्हटले की डिझेल, एवढेच आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक होते.

गाडी माझ्या जुन्या मित्राची. त्याने तिला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, टिग वेल्डिंगने जोडलेला, मूळच्यापेक्षा बराच मोठा इनटेक मॅनिफोल्ड बसवून घेतला होता. देखणे काम होते. वेल्डिंगची शिवण बघत राहावी अशी. बसवल्यावर गाडी मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली मंदावली. सहा हजारांच्या वर थोडी मोकळी झाली खरी, पण तिथे पोचेपर्यंत मूळच्या छोट्या टर्बोचाच दम संपलेला असे. त्याने ते चालवून घेतले. काही महिन्यांनी हा चौथा पिस्टन गेला. भोसरीतल्या गॅरेजातले मिस्त्री तो हातात फिरवत म्हणाले, "दादा, दाब भरपूर होता. पण हवा चौघांना सारखी जात नव्हती. चौथ्याला जास्त गेली, पेट्रोल मात्र त्याला इतरांएवढंच मिळालं."

टर्बो इंजिनासाठी इनटेक मॅनिफोल्ड निवडताना जी मते कानावर येतात ती बहुधा दोन टोकांची असतात. एक म्हणजे, टर्बो हवा ढकलतोच आहे, मग नळी कशी का असेना. दुसरे म्हणजे, जितका मोठा मॅनिफोल्ड तितकी जास्त ताकद. दोन्ही मतांनी पिस्टन गेलेले मी पाहिले आहेत. माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के झाले आहे: आधी वाटणी बघावी, मग मॅनिफोल्डचा आणि टर्बोचा जोर एकाच फेऱ्यांवर येतो का ते बघावे, आणि बाकी सगळे त्यानंतर.

मॅनिफोल्डात वस्तू तीनच. थ्रॉटलमधून आलेली हवा ज्या टाकीत साठते तो प्लेनम. त्या टाकीतून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी नळी म्हणजे रनर. आणि रनर जिथे इंजिनाच्या हेडला भिडतो तो पोर्ट. या तिघांची लांबी, रुंदी, आकारमान आणि मांडणी यांवर सगळा वाद आहे. त्यातला बराचसा शहाणपणा टर्बोच्या आधीचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. त्या ओढीने रनरमध्ये कमी दाबाची एक लाट तयार होते आणि ती उलट्या दिशेने प्लेनमकडे धावते. रनरचे तोंड जिथे प्लेनममध्ये उघडते तिथे ही लाट उलटते आणि वाढीव दाबाची होऊन परत फिरते. ती परतीची लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या थोडी आधी पोचली, तर जाता जाता थोडी जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबून जाते. सगळा खेळ वेळेचा आहे. आता हिशेब करून बघू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. पिस्टनची ओढ सर्वांत जोरात असते तिथपासून परतीची लाट हवी असते त्या क्षणापर्यंत ढोबळमानाने पाव फेरा, म्हणजे अडीच मिलिसेकंद. हवेत लाट सेकंदाला साधारण ३५० मीटर जाते. अडीच मिलिसेकंदांत ८७ सेंटिमीटर. जाऊन-येऊन असल्याने त्याच्या निम्मे, म्हणजे ४४. त्यातले दहाएक सेंटिमीटर हेडच्या पोर्टचे वजा केले की मॅनिफोल्डच्या रनरला उरतात ३४. फेरे निम्मे करा, ३००० धरा, की व्हॉल्व्हपासूनची लांबी दुप्पट लागते.

हे गणित कागदावरून गाडीत सर्वांत थाटात उतरवले ते क्रायस्लरने. १९६० च्या ३००-एफ या गाडीत त्यांनी ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर लांबीचे रनर बसवले. ते इतके लांब होते की एका बाजूच्या सिलिंडरांचे कार्ब्युरेटर इंजिन ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले होते. मधल्या फेऱ्यांवर त्या गाडीला जबरदस्त ओढ मिळाली आणि ताकद ३७५ अश्वशक्ती होती. त्याच मॅनिफोल्डची दुसरी आवृत्तीही होती. बाहेरून लांबी तीच, पण आतली भिंत कापून रनरची खरी लांबी १५ इंचांवर आणलेली. तिची ताकद ४०० अश्वशक्ती, पण ती मिळायची वरच्या फेऱ्यांवर. बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे दोन मॅनिफोल्ड, आणि स्वभाव अगदी वेगळा. मॅनिफोल्ड नुसता बाहेरून बघून घेऊ नये, हे सांगताना मला नेहमी हीच जोडी आठवते.

टर्बोच्या गाड्याही अमेरिकेत जवळपास त्याच काळात रस्त्यावर आल्या. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर आणि त्याच वर्षीची शेव्हरोले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर. दोन्हींत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता, त्यामुळे मॅनिफोल्डातून हवा आणि पेट्रोलचे ओले धुके जायचे. पेट्रोल भिंतीवर साचू नये याचीच काळजी इतकी की लांबी-रुंदीची चैन परवडत नसे. पेट्रोल थेट पोर्टपाशी फवारणारे इंजेक्शन आल्यावर मॅनिफोल्ड कोरडा झाला, आणि मग कुठे त्याचा आकार हवेच्या सोयीने ठरवता येऊ लागला.

आता मुख्य प्रश्न. टर्बो आला की लाटांचे हे सगळे शास्त्र गैरलागू होते का?

होत नाही. लाटेचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, दाबावर नाही. प्लेनममध्ये एक बार बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, असला काय आणि नसला काय, ५० अंशांच्या हवेत लाट सेकंदाला ३६० मीटरनेच जाते. म्हणजे साध्या इंजिनासाठी केलेला लांबीचा हिशेब टर्बोलाही जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. दाब वाढला की लाटेचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. सिलिंडर भरण्याची क्षमता, जिला ट्यूनर मंडळी व्हीई म्हणतात, ती चांगल्या रनरने दहा टक्क्यांनी सुधारली, तर बूस्टवर भरलेल्या दुप्पट हवेचेही दहा टक्के मिळतात. बूस्ट हा गुणाकार आहे. मॅनिफोल्डातली चूक आणि मॅनिफोल्डातला फायदा दोन्ही त्याने गुणले जातात.

याचा खरा लाभ ताकदीपेक्षा तापमानात दिसतो. मे महिन्यातले नागपूर घ्या, बाहेर ४५ अंश. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली आणि हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा जवळपास १४५ अंशांवर जाते. आता मॅनिफोल्डमुळे सिलिंडर दहा टक्के जास्त भरत असेल, तर तेवढीच हवा दाब दुपटीऐवजी १.८ पट करूनही आत जाते, आणि टर्बोतून निघणारी हवा १२८ अंशांच्या आसपास राहते. सतरा अंशांचा फरक. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला तेवढे काम कमी, नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटण्याचा, धोका कमी, टर्बोच्या शाफ्टवरचा ताण कमी. आपल्या उन्हाळ्यात ज्यांना ट्यून केलेली गाडी चालवायची आहे त्यांनी जास्तीची अश्वशक्ती मोजण्याआधी हे सतरा अंश मोजावेत.

शर्यतीच्या जगातला दाखलाही या बाजूचा आहे. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरची टर्बो व्ही-६ इंजिने आली. पहिल्या वर्षी चालत्या इंजिनात लांबी बदलणाऱ्या रनरना मनाई होती. २०१५ पासून ती उठली, आणि संघांनी असे रनर बसवले. टर्बोपुढे रनरची लांबी बिनमहत्त्वाची असती, तर तिथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हा जादा भार कशाला वाहिला असता?

तरीही उलट बाजू आहे, आणि ती या विषयातली मला सर्वांत आवडणारी कल्पना आहे. २००७ च्या पोर्शे ९११ जीटी२ मध्ये, ३.६ लिटरच्या दोन टर्बोंच्या ५३० पीएस इंजिनावर, कंपनीने मॅनिफोल्डचे तत्त्वच उलटवले. वाटप करणारी मधली नळी लांब केली आणि रनर आखूड केले. लाटेची वेळ अशी जुळवली की व्हॉल्व्ह उघडा असताना हवा दाबली न जाता प्रसरण पावते. प्रसरण पावणारी हवा थंड होते. ऐकताना हे वेडेपणाचे वाटते, कारण आत जाणारी हवा मुद्दाम विरळ करायची कशासाठी? उत्तर इंटरकूलरच्या जागेत आहे. टर्बोने हवा दाबली की तापते, पण ती उष्णता पुढे इंटरकूलरमध्ये काढून टाकता येते. रनरमधल्या लाटेने हवा दाबली तरी ती तापतेच, मात्र इंटरकूलर मागे राहिलेला असतो. ती उष्णता थेट सिलिंडरमध्ये जाते. लाटेने दाब दहा टक्के वाढवला तर हवा साधारण नऊ अंशांनी तापते. मग पोर्शेने ठरवले की दाबण्याचे काम सगळे टर्बोला द्यायचे, बूस्ट थोडा वाढवायचा, उष्णता इंटरकूलरमध्ये सोडायची आणि मॅनिफोल्डकडून थंडावा घ्यायचा. थंड हवेत ठिणगी थोडी आधी टाकता येते आणि त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघते.

मग खरे काय? दोन्ही खरे, पण दोघांची परिस्थिती वेगळी. पोर्शेच्या टर्बोत अजून दम शिल्लक होता. थोडा जास्त बूस्ट द्यायला त्याला जड गेले नाही. ज्याचा टर्बो लहान आहे आणि आधीच कडेला आला आहे, त्याने लाटेची फुकटची मदत सोडू नये. आपल्याकडे रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक टर्बो गाड्या या दुसऱ्या गटातल्या. मित्राच्या ऑक्टाव्हियाची पहिली चूक इथे झाली. नवे रनर आखूड होते, म्हणजे त्यांची लाट फार वरच्या फेऱ्यांवर जुळत होती, आणि टर्बो जोरात होता तो खालच्या-मधल्या फेऱ्यांवर. मॅनिफोल्डचा जोर सुरू होई तेव्हा टर्बोचा संपत असे.

दुसरी चूक वाटणीची, आणि ती महागात गेली.

कालव्याचे पाणी शेपटाकडच्या शेताला कमी मिळते, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असते. मॅनिफोल्डात पुष्कळदा याच्या उलट घडते. थ्रॉटलमधून वेगाने आलेली हवा पहिल्या रनरच्या तोंडावरून सरळ पुढे निघून जाते, कारण तिला इतक्या वेगात काटकोनात वळता येत नाही. पुढे प्रत्येक रनरपाशी थोडी हवा कमी होत जाते, वेग उतरतो आणि वेगाचा दाब होतो. टोकाच्या भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त, म्हणून शेवटचा सिलिंडर तृप्त आणि पहिला उपाशी. मित्राच्या नव्या मॅनिफोल्डात थ्रॉटल टायमिंग बेल्टच्या बाजूला आणला होता, म्हणजे चौथा सिलिंडर सर्वांत दूरचा.

हा फरक किती असतो ते प्लेनमच्या रुंदीवर ठरते. १७८१ सीसीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर सेकंदाला जवळपास ८९ लिटर हवा घेते. बूस्ट असला तरी आकारमानाने तेवढीच, फक्त घट्ट. प्लेनम म्हणून ४० मिलिमीटर व्यासाची साधी नळी वापरली, तर तिच्यातून हवा सेकंदाला ७१ मीटरने धावते आणि एक बार बूस्टवर त्या वेगाचा दाब ०.०५ बारपेक्षा किंचित जास्त भरतो. व्यास ६५ मिलिमीटर केला की वेग २७ मीटरवर येतो आणि तो दाब सातपटीने घटतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणून प्लेनम पुरेसा रुंद असावा, हे वाटणीच्या दृष्टीने पहिले काम. पुढच्या टोकाकडे निमुळता होत जाणारा प्लेनम हे दुसरे. हवा कमी होत जाते तशी जागाही कमी केली की वेग साधारण सारखा राहतो आणि टोकाला दाब साठत नाही. काही कारागीर दोन कक्षांचा प्लेनम करतात. थ्रॉटलची हवा आधी एका कक्षात येते आणि मधल्या लांब फटीतून दुसऱ्या कक्षात शिरते, जिथे रनरची तोंडे असतात. फटीपाशी थोडा दाब जातो, पण चौघांना मिळणारी हवा बरीच सारखी होते. माझ्या मते बूस्ट जास्त असेल आणि जागा असेल तर हा खर्च करण्याजोगा आहे. थ्रॉटल मधोमध ठेवून दोन्हीकडे हवा वाटणे हा सर्वांत सोपा उपाय, पण आडव्या बसवलेल्या इंजिनात पाइप वळवून तिथे आणायला जागाच नसते.

क्रमही बघावा लागतो. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. म्हणजे तिसऱ्याने श्वास घेतला की लगेच शेजारचा चौथा घेतो, आणि दुसऱ्यानंतर लगेच पहिला. व्हॉल्व्ह साधारण २२० ते २४० अंश उघडा राहतो आणि पुढच्याची पाळी १८० अंशांनी येते, त्यामुळे शेजाऱ्यांचे श्वास एकमेकांत गुंतलेले असतात. तिसऱ्याने हवेचा ओघ आपल्या कोपऱ्याकडे वळवलेला असतो, तो चौथ्याला आयता मिळतो. तीन सिलिंडरांच्या इंजिनात हे भांडण जवळजवळ नसते. तिथे दोन श्वासांत २४० अंशांचे अंतर, एकाचा व्हॉल्व्ह मिटत आला की दुसऱ्याचा उघडतो. हल्लीच्या छोट्या टर्बो गाड्यांत तीन सिलिंडर असण्याची कारणे वेगळी आहेत, पण मॅनिफोल्ड आखणाऱ्याला त्याने मोठा दिलासा मिळाला.

फरक तीन-चार टक्क्यांचा असला तर काय बिघडते, असे मला विचारले जाते. एक्झॉस्टमध्ये चौघांचा धूर एकत्र झाल्यावर तिथे एकच ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. तो सरासरी सांगतो. समजा सरासरी मिश्रण ११.८ ला एक दाखवते आहे आणि पडद्यावर सगळे सुरक्षित आहे. पण चौथ्याला चार टक्के हवा जास्त आणि पेट्रोल इतरांएवढेच मिळत असेल, तर त्याचे स्वतःचे मिश्रण १२.३ च्या आसपास जाते आणि उरलेल्या तिघांचे ११.६ वर येते. चौथा जास्त हवेमुळे जास्त दाबाखाली, आणि कोरड्या मिश्रणामुळे जास्त उष्णतेत. नॉकिंग पहिले त्यालाच होणार. ते ऐकू येईपर्यंत रिंगांमधला पट्टा गेलेला असतो. आधुनिक ईसीयूमध्ये प्रत्येक सिलिंडरचे पेट्रोल वेगळे जुळवता येते, पण कोणाला किती हवा मिळते हे आधी कळायला हवे. त्यासाठी चार एक्झॉस्ट पाइपांत चार तापमापक बसवून डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एक फेरी मारणे हा अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. मॅनिफोल्डवर पैसे घालणाऱ्याने तापमापकांवर घालायला मागेपुढे बघू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्लेनम किती लिटरचा असावा, यावर भांडणे खूप होतात आणि मला ती थोडी फाजील वाटतात. टर्बोसाठी इंजिनाच्या आकारमानाएवढा ते दीडपट हा प्रचलित अंदाज ठीक आहे. मोठ्या प्लेनममुळे लॅग, म्हणजे बूस्ट यायला लागणारा उशीर, वाढतो, ही भीती तपासून बघा. १.८ लिटरचे इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ४५ लिटर हवा घेते. प्लेनम एक लिटरने वाढवला आणि तो एक बार बूस्टने भरायचा असेल, तर जादा हवा लागेल एक लिटर. म्हणजे सेकंदाचा पंचेचाळिसावा भाग. इंटरकूलर आणि त्याचे पाइप मिळून आधीच अनेक लिटर असतात. लॅगचे मूळ तिथे आणि टर्बोच्या चाकात आहे. थ्रॉटलच्या मागची जागा वाढल्याचा परिणाम जाणवतो तो रहदारीत, बूस्ट नसताना, पाय हलका दाबला तर. तेवढ्यापुरती प्लेनमवर मर्यादा ठेवावी. थ्रॉटलही फार मोठा नको. दाबलेली हवा घट्ट असल्याने तेवढ्याच भोकातून वजनाने दुप्पट जाते.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल देण्याचा प्रयोग निसानने टर्बोवरही केला. १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनात सहा, तर पल्सर जीटीआय-आरमध्ये चार. व्हॉल्व्हजवळच थ्रॉटल असल्याने पायाला इंजिन चटकन उत्तर देते. पण थ्रॉटलच्या सहा झडपा एकाच वेळी, एकाच अंशाने उघडणे ही कायमची सेवा आहे, आणि मोठ्या ताकदीसाठी आरबी२६ बांधणारे बरेच जण शेवटी एका थ्रॉटलवर येतात. रस्त्याच्या गाडीसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

रनरचा व्यास ठरवताना वेग बघावा. वरच्या इंजिनाला ४० मिलिमीटरचा रनर ६००० फेऱ्यांवर सरासरी ७१ मीटरचा वेग देतो, ४६ मिलिमीटरचा ५४ मीटरचा. मोठा रनर वरच्या फेऱ्यांवर मोकळा वाटतो, पण खाली हवेचा वेग इतका मंदावतो की तिचा स्वतःचा रेटा उरत नाही. या वीस व्हॉल्व्हच्या इंजिनाची हेडे दोन प्रकारची आहेत, आधीची मोठ्या तोंडाच्या पोर्टची आणि नंतरची लहान. मोठ्या तोंडाचा मॅनिफोल्ड लहान पोर्टवर बसवला की जोडावर पायरी तयार होते आणि हवा तिच्यावर आपटते. मित्राच्या गाडीत अगदी हेच होते. गॅस्केट उचलल्यावर पोर्टभोवती काजळीची कडी उमटलेली दिसली. रनरचे प्लेनममधले तोंड मात्र मोठे आणि गोल हवे, पितळी घंगाळाच्या काठासारखे बाहेर वळलेले. तीक्ष्ण कडेच्या तोंडाशी वेगाच्या दाबाचा जवळपास निम्मा भाग वाया जातो. गोलाई नीट दिली तर वीस-पंचविसावा भागच. लेथवर अर्ध्या दिवसाचे काम, आणि फायदा प्रत्येक फेऱ्याला.

मजबुतीकडे फारसे कोणी बघत नाही. प्लेनमची एक बाजू ४० सेंटिमीटर लांब आणि १० रुंद असेल, तर एक बार बूस्टवर तिच्यावर चार क्विंटल भार असतो. धान्याची पन्नास किलोची आठ पोती. सपाट पत्रा त्याखाली फुगतो आणि आत-बाहेर होत राहतो; पहिली चीर वेल्डच्या कडेला पडते. गोलाकार प्लेनम हाच भार सहज सोसतो. टर्बो नसलेल्या इंजिनाचा नायलॉनचा मॅनिफोल्ड तसाच ठेवून वर टर्बोचा संच बसवणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते: तो दोन अर्ध्या भागांच्या जोडावर उलतो. टर्बोसाठीच आखलेला काचतंतूंचा नायलॉन मात्र उत्तम माल आहे, हलका, आतून गुळगुळीत आणि इंजिनाची धग आत कमी आणणारा. आणखी एक बारीक गोष्ट. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह आहे आणि तो धड आहे, याची खात्री केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

कारखान्यांचा कल सध्या कुठे आहे ते बघायला लांब जायला नको. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगनमधले १.० टीएसआय इंजिन घ्या. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर. त्याचा पाण्याने थंड होणारा इंटरकूलर मॅनिफोल्डच्या पोटातच बसवलेला आहे. बंपरमागे इंटरकूलर ठेवून लांब पाइप फिरवण्याची गरज राहत नाही, दाबाने भरायची जागा घटते, आणि इंटरकूलरच्या जाळीतून गाळून आलेली हवा रनरपाशी बरीच शांत झालेली असते. म्हणजे वाटणीलाही मदत. मर्यादा एवढीच की ताकद वाढवायची झाली तर हा इंटरकूलर सहज बदलता येत नाही. त्याचे पाणी एकदा तापले की घाटात सलग चढताना ते निवायला वेळ लागतो. रोजच्या गाडीसाठी मला तरी हीच मांडणी आज सर्वांत समतोल वाटते, आणि ज्याच्या गाडीत ती आहे त्याने मॅनिफोल्डला हात लावू नये.

ऑक्टाव्हियाला मिस्त्रींनी नवा पिस्टन घातला आणि मूळचा ओतीव मॅनिफोल्ड परत चढवला. आतला तेल-काजळीचा थर काढला, पोर्टच्या तोंडाशी जोड हाताने घासून सरळ केला, एवढेच. एक्झॉस्टमध्ये चार तापमापक लावून डायनोवर घेतली तेव्हा मित्र पडद्याजवळून हलला नाही. चारही आकडे एकमेकांच्या जवळ राहून चढले आणि तसेच उतरले. पत्र्याचा मॅनिफोल्ड त्याने भंगारात द्यायला काढला होता. मिस्त्रींनी तो ठेवून घेतला. एक बाजू कापून उघडायची, रनरची तोंडे गोल करायची, मध्ये फटीची भिंत घालायची आणि मोठ्या टर्बोची, मोठ्या पोर्टची गाडी आली की बसवून बघायचा, असा त्यांचा बेत आहे. फळीवर त्याच्या शेजारी तो चौथा पिस्टनही आहे, तुटकी बाजू समोर येईल असा ठेवलेला.